कार्बोरेटर रस्त्यावरून गेला, शिवारातून नाही



मागच्या उन्हाळ्यात मालेगाव तालुक्यातल्या एका गावी डाळिंबाच्या बागेत फवारणीचे प्रात्यक्षिक ठेवले होते. कार्यक्रम आटोपला, चहा झाला, आणि मी निघालो तर माझी मोटारसायकल काही सुरू होईना. गाडी नवी, इंजेक्शनवाली. दोष माझाच होता. बॅटरी उतरत आल्याचे आठवडाभर कळत होते, पण आज बघू, उद्या बघू, असे चालले होते. बटण दाबले की नुसते टकटक व्हायचे. दहा-बारा जण भोवती जमले, पण हात लावायला कोणी तयार होईना. ‘ही संगणकाची गाडी, आपल्याला नाही कळत,’ असे म्हणून सगळे बाजूला झाले.

शेवटी एका वयस्क दादांनी आपली दूध घालायची जुनी एम-८० काढली. तिसऱ्या किकेला ती सुरू झाली आणि त्यांनी मला आग्रा रोडपर्यंत आणून सोडले. उतरताना ते म्हणाले, “साहेब, हाई गाडी आते भंगारमा दी टाकू का?” ज्या गाडीने मला वाचवले तिच्याबद्दल हा प्रश्न. मी म्हटले, “दादा, एका वाक्यात उत्तर नाही देता येणार. पुढच्या पत्रिकेत सविस्तर लिहितो.” ती ही पत्रिका.

ठिबकवरची व्हेंच्युरी आठवा

कार्बोरेटर म्हणजे काय, हे डाळिंब-द्राक्षवाल्यांना वेगळे शिकवायची गरज नाही. ठिबकच्या संचावर खत सोडायला आपण व्हेंच्युरी बसवतो. पाण्याची वाट मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद जागेत पाण्याचा वेग वाढतो, तिथला दाब कमी होतो आणि बादलीतले विरघळलेले खत आपोआप नळीतून ओढले जाते. वीज नको, मोटार नको.

कार्बोरेटर अगदी असाच. पाण्याच्या जागी हवा, खताच्या जागी पेट्रोल. इंजिन हवा ओढते, अरुंद गळ्यात वेग वाढतो, बारीक जेटमधून पेट्रोल वर येते आणि त्याचे तुषार हवेत मिसळतात. खाली छोट्या वाटीत पेट्रोल साठते. शौचालयाच्या टाकीत असतो तसा तरंगता गोळा त्याची पातळी राखतो. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ साली अशा तुषार उडवणाऱ्या कार्बोरेटरला चांगले रूप दिले आणि पुढची शंभर वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच तत्त्वावर धावल्या.

डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली नीट चालले. त्याला कार्बोरेटर नाही आणि प्लगही नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि मग पंप-नोझलने तेल आत मारायचे. म्हणून ‘ट्रॅक्टरचा कार्बोरेटर बिघडला’ असे कोणी म्हणाले तर समजावे की त्याला नोझल म्हणायचे आहे.

आधी मोट, मग इंजिन

आपल्या आजोबांच्या काळी विहिरीवर मोट होती. बैलजोडी, सोंदूर, चामड्याची मोट आणि पहाटेपासून मोटकऱ्याची राबणूक. बैल थकले की पाणी थांबले. मग ऑईल इंजिन आले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने होऊ लागली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. तिकडे राजकोटला इंग्लंडच्या लिस्टर इंजिनासारखी संथ, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची इंजिने बनू लागली. हॅन्डल मारायचे, पट्टा चढवायचा आणि रात्रभर शिवारात टुक-टुक ऐकत दारे धरायचे. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या तेव्हा या इंजिनांनी अनेकांची पिके तगवली.

काही जणांकडे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची छोटी इंजिने होती. त्यांना मात्र कार्बोरेटर होता. रेशनचे निळे रॉकेल स्वस्त, म्हणून ही इंजिने परवडत. पुढे घरोघरी गॅस आला आणि रेशनचे रॉकेल कमी होत होत जवळजवळ मिळेनासे झाले. इंजिन धडधाकट, पण त्याचे खाणेच बंद. ती इंजिने मग गोठ्यात पडून गंजली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र नुसते वर्षांनी म्हातारे होत नाही. त्याचे इंधन, त्याचा सुटा भाग आणि त्याला दुरुस्त करणारा हात, या तिन्हींपैकी एक सुटला की यंत्र संपले. मालेगावकरांना हे नव्याने सांगायला नको. साधे, जुन्या बांधणीचे यंत्रमाग शहरात अजून खडखडतात, कारण त्यांचा सुटा भाग आणि जाणता मिस्त्री गल्लीतच भेटतो.

रावळगावचा ऊस आणि कुर्ल्याची मोटार

आपल्याच तालुक्यात रावळगाव आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथे रावळगाव शुगर फार्म ही कंपनी काढली. माळरानावर ऊस उभा राहिला, साखर निघाली, पुढे रावळगावची गोळी घराघरांत गेली. याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटारींची कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईला कुर्ल्यात. ते १९५३ साली वारले, पण कारखाना चालू राहिला. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिथे फियाट गाड्या बनल्या. त्यातलीच एक पुढे १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झाली.

मुंबईला कांदा नाहीतर भाजी घेऊन गेलेल्या प्रत्येकाने ती काळी-पिवळी टॅक्सी पाहिली आहे. कार्बोरेटरची गाडी. सकाळी थंड असली की चोक ओढायचा, दोनदा ॲक्सिलरेटर दाबायचा, मग सुरू. बंद पडली तर टॅक्सीवाला स्वतः बॉनेट उघडून जेट फुंकायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा रस्त्याला. २००० च्या सुमारास ही गाडी बनणे थांबले. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून निघाली. मालेगावच्या मातीत ऊस लावणाऱ्या माणसाच्या कारखान्यातली ती गाडी. मिस्त्री होते, पार्ट मिळत होते, तरी ती थांबली. म्हणजे आपल्या तीन गोष्टींत चौथी धरावी लागते, ती म्हणजे कायदा.

दुचाकी गावात आली

गावात कार्बोरेटर खऱ्या अर्थाने आला तो दुचाकीतून. राजदूत आली, १९७२ साली कायनेटिकची लुना आली, १९८० नंतरच्या दशकात बजाजची एम-८० आली. दुधाच्या किटल्या, युरियाचे पोते, मागे घरधनीण आणि पुढे पोर, एवढे सगळे या गाड्यांनी वाहिले. या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालायचे, आणि ते तेल जळून निळा धूर निघायचा.

१९८५ साली हिरो होंडाची १०० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी आली. तिचे तेल वेगळे, धूर कमी आणि एका लिटरला अंतर जास्त. पेट्रोल महाग होत गेले तसे लोक तिकडे वळले. तिच्यातही कार्बोरेटरच होता. गावातल्या पोराला पाना-स्क्रूड्रायव्हर धरता आला की तो कार्बोरेटर खोलून साफ करू शके. हवेचा स्क्रू किती फेरे उघडायचा, प्लग काळा पडला म्हणजे काय, पांढरा पडला म्हणजे काय, हे ज्ञान पारावर बसून शिकता येत होते.

मग कार्बोरेटर का गेला?

कारण धूर. भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुराची पहिली मर्यादा १९९१ साली आणि डिझेल गाड्यांची १९९२ साली लागू झाली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यानंतर भारत स्टेज म्हणजे ‘बीएस’ची पायरी चढत गेली. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली. त्या दोन दिवसांत सवलतीत गाड्या घ्यायला दुकानांसमोर कशी झुंबड उडाली, हे अनेकांना आठवत असेल. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. पेट्रोल-डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० भाग होते, ते १० भागांवर आणले.

बीएस-६ मध्ये कार्बोरेटर मागे पडला, त्याचे कारण साधे आहे. धूर स्वच्छ करणारे भांडे धुराड्यात बसवतात. ते नीट काम करायला एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण काटेकोर लागते. कार्बोरेटर अंदाजाने देतो. थंडी पडली, फिल्टर धुळीने भरला, जेट झिजला की प्रमाण बदलते, आणि ते बदलले हे त्याला कळत नाही. व्हेंच्युरीचे तसेच नाही का? पंपाचा दाब बदलला की खताचे प्रमाण बदलते.

म्हणून इंजेक्शन आले. टाकीतला विजेचा पंप पेट्रोलला सुमारे तीन किलोचा दाब देतो. धुराड्यातले एक छोटे यंत्र धुरातला प्राणवायू मोजते. संगणकाची डबी हिशेब करते आणि नोझलमधून मोजके पेट्रोल सोडते. हे सेकंदात अनेकदा घडते. कार्बोरेटर म्हणजे पाटाचे पाणी, इंजेक्शन म्हणजे ठिबक. २०२० नंतरही काही स्वस्त गाड्यांत विजेवर नियंत्रित कार्बोरेटर थोडा काळ राहिला, पण बाकी नव्या दुचाकी इंजेक्शनवर गेल्या.

ट्रॅक्टरमध्येही हीच वाट आहे. ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागले आणि त्यांत संगणकाने चालणारे डिझेल इंजेक्शन आले. त्याखालच्या ट्रॅक्टरना त्या वेळी सूट होती.

काय मिळाले, काय गेले

जुने ते सोने म्हणून मी हे लिहीत नाही. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून लोक तो घेईनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली. नव्याला नुसते भिऊन चालत नाही. इंजेक्शनच्या गाडीने धूर घटवला, चोक ओढण्याची कटकट गेली, थंडीत किका मारून पाय दुखणे गेले. आपली मुले त्याच हवेत वाढतात.

पण ठिबक घेतल्यावर काय झाले, आठवा. पाटात काडी-कचरा, गाळ काहीही चालायचे. ठिबकला फिल्टर धुवावा लागतो, आम्ल सोडावे लागते, नाहीतर ड्रीपर बंद पडतात. इंजेक्शनचेही तसेच. भेसळीचे, पाणी मिसळलेले पेट्रोल कार्बोरेटरची गाडी खोकत-खोकत ओढायची. इंजेक्शनची गाडी ते सहन करत नाही. आणि दुरुस्तीचे ज्ञान गावाच्या हातून गेले. पूर्वी बिघाड कानाला ऐकू यायचा, आता तो स्कॅनर लावल्यावर कळतो. आणि कांद्याची आवक ऐन भरात असताना गाडी दोन दिवस तालुक्याला अडकली, तर ते नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही. म्हणून माझे मत असे की गावातल्या एखाद्या दहावी-बारावी झालेल्या मुलाने आयटीआयमध्ये जाऊन ही नवी दुरुस्ती शिकावी. त्यात गावाची सोय आहे आणि मुलाची भाकरीही आहे.

आणखी एक बदल पेट्रोलमध्येच झाला आहे. २००३ पासून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ साली ते १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल उसापासून आणि मक्यापासून होते, म्हणजे त्यात शेतकऱ्याचा वाटा आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. जुन्या कार्बोरेटरचे रबर आणि नळ्या त्याने फुगतात किंवा कडक होतात, आणि पेट्रोल फार दिवस साठवले तर तळाला पाणी बसते. उसाने एकेकाळी मोटारीचा कारखाना उभारणाऱ्याला हात दिला. आज त्याच उसाचे इंधन जुन्या मोटारीला जड जाते आहे.

शिवारातला कार्बोरेटर सांभाळा

रस्त्यावरून कार्बोरेटर गेला, तरी तुमच्या घरात तो आहे. पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप, गवत कापायचे यंत्र, छोटा पॉवर वीडर काढून बघा. यांतल्या बहुतेकांत कार्बोरेटरच आहे. म्हणून पुढील गोष्टी पाळा.

१. टू-स्ट्रोक पंपात तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. २५ ला १ लिहिले असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. मापाने घाला, झाकणाच्या अंदाजाने नको. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो.

२. फोर-स्ट्रोक यंत्रात तेल पेट्रोलमध्ये मिसळू नका. त्याची जागा वेगळी असते. विकत घेतानाच दुकानदाराला विचारा.

३. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मग यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी कोरडी होईल. पेट्रोल तसेच राहिले तर त्याचा चिकटा बसतो आणि पुढच्या हंगामात जेट बंद असतो.

४. जेट साफ करताना जाड तार खुपसू नका. छिद्र मोठे झाले की पेट्रोल जास्त जाते. स्वच्छ पेट्रोलने धुवा आणि हवा मारा.

५. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळू नका. दहा रुपये वाचवायला जाऊन इंजिन बांधायचा खर्च येतो.

६. इंजेक्शनच्या गाडीची टाकी तळाला जाऊ देऊ नका. आतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. बॅटरी उतरू लागली की त्याच दिवशी बघा. माझे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

७. सगळ्यांत महत्त्वाचे: कोणतेही इंजिन विहिरीत किंवा बंद खोलीत उतरवून चालवू नका. पेट्रोल-रॉकेलच्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलचा धूरही विहिरीत प्राणघातक ठरू शकतो. आत उतरलेला माणूस पडला, म्हणून त्याला काढायला दुसरा लगेच उतरतो आणि दोघेही जातात. आधी इंजिन बंद, आत मोकळी हवा, वर माणसे आणि कमरेला दोर. एवढे होईपर्यंत कोणीही उतरू नये.

दादांच्या प्रश्नाचे उत्तर

जुनी गाडी काढावी की ठेवावी? चार प्रश्न विचारा. तिचे इंधन तिला मानवते का? सुटा भाग तालुक्याला मिळतो का? दुरुस्त करणारा जवळ आहे का? आणि कागदपत्रे चालू आहेत का? पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. ती वाढवलेली नसेल, विमा नसेल, तर गाडी कितीही चांगली असली तरी रस्त्यावर आणू नका. अपघात झाला तर शेत विकायची पाळी येईल. आणि गाडी काढायचीच ठरली तर नोंदणी रद्द करूनच द्या, नाहीतर तुमच्या नावाची गाडी भलत्याच कामाला लागते.

दादांची एम-८० मी पुन्हा जाऊन पाहिली. पेट्रोलच्या नळ्या कडक झालेल्या होत्या, त्या त्यांनी बदलून घेतल्या. किक अजून तिसरीच लागते. कागद मात्र कधीचे संपले होते. मी म्हटले, “दादा, आधी नोंदणी आणि विमा, मग दूध.” ते हसले आणि दुसऱ्या आठवड्यात मालेगावला तपासणीला गेले. जाताना गाडी टेम्पोत घालून नेली.

ही पत्रिका वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या, आणि फवारणी पंपाच्या पेटीत तिची एक घडी ठेवा.